मडकं, पोट्टं आणि कॉम्प्युटर

मागे एकदा चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत बघायला गेलो होतो. प्लास्टिकची बरणी, घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, आणि चिठ्ठी काढायला शाळेतलं एक पोट्टं. आख्खी सभा त्याच्या हाताकडे टक लावून बसलेली. शेजारच्या काकांना म्हटलं, "एवढं कशाला? कॉम्प्युटरलाच नंबर काढू द्या की." तर ते म्हणाले, "त्याले कोनं काय शिकवून ठेवलं, आपल्याले काय मालूम?"

तेव्हा हसलो. पण काका बरोबर होते. कॉम्प्युटर हा अतिआज्ञाधारक प्राणी. तेच गणित दिलं की तेच उत्तर. 'मनाला येईल तो आकडा सांग' हे त्याला जमतच नाही. तो आकडा त्याला बाहेरून आणावा लागतो.

बाहेरून आकडा आणायची युक्ती मुंबईला जुनी आहे. न्यूयॉर्कच्या बाजारातले कापसाचे उघडते आणि बंद भाव तारेने मुंबईला यायचे, आणि लोक त्या आकड्यांवर पैसे लावायचे. आमच्या वरोऱ्याकडचा शेतकरी कापसाच्या भावाकडे पोटासाठी बघणार, मुंबईत मात्र त्याच भावाचा जुगार! १९६१ साली ते भाव येणं थांबलं. मग कल्याणजी भगत (१९६२) आणि रतन खत्री (१९६४) यांचा धंदा सुरू झाला. आकडा मडक्यातल्या चिठ्ठ्यांतून, पुढे पत्त्यांतून निघू लागला. 'मटका' हे नाव त्यातलंच. पण एक फरक पडला. न्यूयॉर्कचा भाव मुंबईतल्या कुणाच्या हातात नव्हता, मडक्यात मात्र कुणाचा तरी हात होता.

आता कॉम्प्युटरकडे येऊ. १९९४ साली थिओडोर त्सो यांनी लिनक्समध्ये असंच एक मडकं बसवलं. तुम्ही कळ नेमकी केव्हा दाबली, माऊस केव्हा हलला, डिस्कने उत्तर केव्हा दिलं, या वेळांतला बारीकसारीक अनियमितपणा त्यात टाकायचा, घुसळायचा, आणि त्यातून गुप्त किल्ल्या घडवायच्या. बँकेचा व्यवहार, पासवर्ड, सगळं त्या किल्ल्यांवर.

पण ज्या यंत्राला ना कीबोर्ड ना माऊस, त्याने काय करायचं? इंटेलने १९९९ मध्ये आपल्या ८१० चिपसेटबरोबर खास भाग दिला. रोधकात उष्णतेमुळे सतत जी विजेची कुजबुज चालते, ती मोजून आकडे काढणारा. तो आकड्यांचा ओघ तपासून मडक्यात ओतणारा छोटा प्रोग्रॅमही आला. २०१२ पासून तर इंटेलच्या प्रोसेसरमध्येच ही सोय आली.

मडकं रिकामं राहिलं तर काय होतं? डेबियनमध्ये २००६ साली कुणीतरी चांगल्या हेतूने एक ओळ काढून टाकली आणि ओपनएसएसएलच्या मडक्यात जवळजवळ काहीच पडेनासं झालं. उरला तो फक्त प्रोसेसचा क्रमांक. म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर, एका मापाच्या किल्ल्या जास्तीत जास्त ३२,७६८! दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. मे २००८ मध्ये बोभाटा झाला आणि जगभर कुलपं बदलावी लागली. आकडे दिसायला अगदी बेशिस्त दिसत होते बरं का. बघून कळत नाही, हीच खरी गोम.

आणि मग काकांचा प्रश्न. चिपमधल्या त्या भागाला कोणी काय शिकवून ठेवलं असेल? २०१३ साली अमेरिकी हेरगिरीची कागदपत्रं बाहेर आल्यावर हा प्रश्न जगाने विचारला. फ्रीबीएसडीवाल्यांनी चिपचे आकडे थेट वापरायचे नाहीत असं ठरवलं. लिनक्सचं म्हणणं असं, की आम्ही चिपचा आकडा बाकीच्यांत मिसळतो. एक स्रोत लबाड निघाला, तरी दुसरा प्रामाणिक असला की भागतं.

आता मला त्या पोट्ट्याचं महत्त्व कळतं. त्याला निवडतात ते त्याचा त्या निकालात काही स्वार्थ नसतो म्हणून. बरणी सगळ्यांसमोर हलवतात, चिठ्ठ्या सगळ्यांना दाखवतात. नशीब काय निघेल ते निघो, पण हरलेल्यालाही ते मान्य व्हायला हवं ना!

असो. पुढच्या सोडतीला काका भेटले, तर त्या दिवशी हसल्याबद्दल माफी मागीन म्हणतो.