आतड्यातलं विष आणि थकलेली किडनी

'किडनीसाठी खास' म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रोबायोटिक कॅप्सूल पाहिल्यात ना? त्यामागची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. आज तिचीच गोष्ट.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये इल्या मेचनिकॉव्ह नावाचे शास्त्रज्ञ होते. रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी त्यांना १९०८चं नोबेल मिळालं, पण डोक्यात घोळत होतं म्हातारपण. मोठ्या आतड्यात अन्न कुजतं, त्यातून विष बनतं आणि माणूस लवकर झिजतो, असं त्यांनी १९०७च्या पुस्तकात मांडलं. उपाय काय? आंबवलेलं दूध. लंडनचे सर्जन आर्बथनॉट लेन तर त्याच विषाच्या धास्तीने लोकांचं मोठं आतडंच काढून टाकायचे! पुढे ही थिअरी मागे पडली.

पण विष अगदीच खोटं नव्हतं. प्रोटीनच्या उरलेल्या भागापासून आतड्यातले जीवाणू इंडोल आणि पी-क्रेसॉल बनवतात. लिव्हरमध्ये त्यांचं रूप बदलतं आणि किडनी ते लघवीतून बाहेर टाकते. किडनी थकली की तेच रक्तात साठतं.

मग डायलिसिस आहे की! १९४३मध्ये नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी सॉसेजसाठी वापरतात त्या सेलोफेनच्या नळीतून कृत्रिम किडनी बनवली. पण हे पदार्थ रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून बसतात, त्यामुळे आजचं मशीनही ते नीट गाळू शकत नाही. म्हणून मेचनिकॉव्ह यांचा विचार परत आला: विष जिथे बनतं तिथेच अडवू. चांगले जीवाणू म्हणजे प्रोबायोटिक, त्यांचं खाणं म्हणजे प्रीबायोटिक.

२०१६मध्ये ऑस्ट्रेलियात ३७ पेशंट घेऊन केलेल्या प्रयोगात दोन्ही एकत्र दिल्यावर पी-क्रेसॉलपासून बनणारं विष घटलं. भारीच! पण २०२३मध्ये कॉक्रेनने ४५ अभ्यास, म्हणजे २२६६ माणसं, एकत्र तपासली. किडनी वाचते किंवा आयुष्य वाढतं याचा खात्रीचा पुरावा मिळाला नाही.

मी कोड लिहितो, म्हणून मला हे पटकन कळतं. डॅशबोर्डवरचा आकडा हिरवा झाला, म्हणजे ॲप वापरणाऱ्याचा त्रास संपला असं नसतं. इथे तर दर महिन्याचे पैसे जातात, तेही आधीच डायलिसिसच्या खर्चाने वाकलेल्या घरातून.

तेव्हा घरात कुणी किडनीचं पेशंट असेल, तर डबा मागवण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना एवढंच विचारा: याने रिपोर्ट सुधारेल, की माणूस?

भेटू पुढच्या भागात!