ग्रंथ आपला, किल्ली परक्याची

ग्रंथ विकत घेणे म्हणजे नेमके काय घेणे, हा प्रश्न आपल्या आधीच्या पिढ्यांतील वाचकाला पडण्याचे कारण नव्हते. दाम मोजून ग्रंथ घरी आणावा, समासात टिपणे करावीत, स्नेह्याला वाचावयास द्यावा आणि अखेरीस एखाद्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावा, असा सरळ क्रम होता. ग्रंथ कागदावरून संगणकावर आला आणि हा क्रम मोडला. ग्रंथ, गीत वा चित्रपट कोणी, कोणत्या यंत्रावर आणि किती काळ वापरावा, हे सांकेतिक कुलपाने ठरविण्याच्या योजनेस ‘डिजिटल हक्क-व्यवस्थापन’ असे भारदस्त नाव आहे. यात हक्क कोणाचे आणि व्यवस्थापन कोणाचे, हे तिच्या इतिहासावरून पाहणे अगत्याचे आहे.

ग्रंथाला बांधून ठेवण्याची कल्पना जुनीच. मध्ययुगीन युरोपात मोलाचे ग्रंथ मांडणीला साखळीने जखडलेले असत. इंग्लंडातील हेरफर्डच्या कॅथीड्रलात असे ग्रंथालय आजही पाहावयास मिळते. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडली, तेव्हा ग्रंथ उपयोगासाठी असतात या पहिल्या सूत्राच्या विवेचनात या साखळ्यांचा दाखला दिला. तथापि ती साखळी उघड दिसत असे, आणि वाचकाच्या घरापर्यंत ती पोहोचत नसे.

विकलेल्या ग्रंथावर प्रकाशकाची सत्ता कोठवर चालावी, याचा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली दिला. बॉब्ज-मेरिल या प्रकाशनसंस्थेने एका कादंबरीवर, ती एक डॉलरहून कमी किमतीस विकू नये, अशी सूचना छापली होती. मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटना विकली. प्रत एकदा विकल्यावर पुढील विक्रीची किंमत ठरविण्याचा अधिकार लेखाधिकारात येत नाही, असे न्यायालयाने ठरविले.

संगणकाने नवा पेच निर्माण केला. त्यावर मूळ आणि नक्कल यांत भेद उरत नाही आणि नकलेला खर्चही पडत नाही. लेखक-प्रकाशकांची धास्ती निराधार नव्हती. म्हणून मजकूर सांकेतिक रूपात द्यावयाचा आणि तो उलगडण्याची किल्ली ग्राहकाच्या यंत्रात ठेवावयाची, अशी युक्ती निघाली. साऱ्या अनर्थाचे बीज येथेच आहे. किल्ली ग्राहकाच्या घरात तर हवी, परंतु त्याच्या हाती लागता कामा नये! ही अट पाळावयाची तर यंत्राने आपल्याच धन्यापासून काही लपविले पाहिजे.

या लपवालपवीला कायद्याचे पाठबळही मिळाले. १९९६ च्या आंतरराष्ट्रीय कराराला अनुसरून अमेरिकेने १९९८ साली कायदा केला आणि, काही मोजके अपवाद वगळता, असे कुलूप उघडणे हाच स्वतंत्र अपराध ठरविला. नॉर्वेतील योन योहान्सेन या किशोराने १९९९ साली सहकाऱ्यांच्या साहाय्याने डीव्हीडीचे कुलूप उघडणारी आज्ञावली प्रसिद्ध केली. त्याच्यावर खटला झाला. परंतु नॉर्वेच्या न्यायालयांनी २००३ साली दोनदा त्याला निर्दोष ठरविले.

यंत्र धन्याशी कसे वागू शकते, हे २००५ साली जगाला दिसले. सोनी-बीएमजी कंपनीच्या काही सीडी संगणकात घातल्या की एक आज्ञावली गुपचूप ठाण मांडी आणि स्वतःचे अस्तित्व लपवी. मार्क रसिनोविच या तज्ज्ञाने हे उघडकीस आणले. त्याच आडोशाचा लाभ अपायकारक आज्ञावल्याही घेऊ लागल्या, आणि कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या.

पुढे २००९ च्या जुलैत अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडल यंत्रांवरून जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या दुरूनच काढून घेतल्या. त्यांतील एक ‘१९८४’ होती. त्या प्रती पुरविणाऱ्याजवळ हक्क नव्हते, हे खरे. पैसे परत मिळाले, कंपनीच्या प्रमुखांनी क्षमाही मागितली. परंतु छापील प्रत अनधिकृत निघाली, तरी पुस्तकविक्रेता रात्री घरात शिरून ती उचलून नेत नाही. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हाही किंमत परत मिळाली आणि ग्रंथ गेले.

कुलपावाचून व्यापार बुडेल, असे म्हणणाऱ्यांनी संगीताचे उदाहरण पाहावे. अ‍ॅपलने २००९ साली आपल्या दुकानातील गीतांवरील कुलपे काढली. गीतांची विक्री त्यानंतरही चालूच राहिली. ग्रंथांची गती मात्र उलट आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत अ‍ॅमेझॉनने किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून तारेने यंत्रात नेण्याची सोय बंद केली.

आपल्या देशाने २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आणले. त्यात हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड सांगितला आहे. हेतूची ही अट शहाणपणाची आहे. परंतु वैध उपयोगासाठी किल्ली पुरविण्याचे बंधन कायद्याने कुलूपवाल्यावर घातलेले नाही.

लेखकाला मोबदला मिळालाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. प्रश्न स्मृतीचा आहे. महाराष्ट्राबाहेरील मराठी ग्रंथसंग्रह हे बहुतांशी देणग्यांवर वाढले: कोणा शिक्षकाचे कपाट, कोणा वकिलाची पेटी. ज्या ग्रंथाचा केवळ परवाना मिळतो, तो असा वारशाने संग्रहात येऊ शकत नाही. म्हणून आपल्या संस्थांनी ई-ग्रंथ घेताना तो जतन करता येईल काय, उसना देता येईल काय आणि विक्रेता उठून गेल्यावर उघडेल काय, हे तीन प्रश्न विचारावेत. आणि आपली स्वतःची प्रकाशने तरी कुलपाविना वाचकांच्या हाती द्यावीत.