फारखत कीं पोटगी ? : वर्धा जिल्ह्यांतील विभक्त दांपत्यांच्या कागदांविषयीं

मोडी दफ्तरांच्या याद्या करतांना 'फारखत' हा शब्द दिसतांच कित्येक संग्राहक तो कागद 'घटस्फोट' या सदरांत टाकून मोकळे होतात. हा प्रमाद लहान नव्हे. मूळ 'फारिगखत' म्हणजे हक्कमुक्तीचा लेख. तो सावकार ऋणकोस देई, वाटणीनंतर भाऊ भावास देई, आणि नवरा बायकोसही देई. शिवाय ज्या कागदांत नवऱ्यानें बायकोस माहेरीं अथवा वेगळ्या बिऱ्हाडीं अन्नवस्त्र देण्याचें कबूल केलें असेल, तो फारखत नव्हेच. त्यानें सहवास सुटतो, विवाह सुटत नाहीं. फारखत मिळालेली स्त्री दुसरा पाट लावण्यास मोकळी होई. पोटगीची कबुली मिळालेली स्त्री बायकोच राही, आणि बायको राहिली म्हणूनच तिचा हक्क उभा राही. एकीस दुसरीच्या सदरांत बसविणें म्हणजे तिचें सारें आयुष्य उलटें वाचणें होय.

कुणबी, तेली, महार इत्यादि ज्ञातींत पंचांसमक्ष सोडचिठ्ठी होत असे; 'काडीमोड' या शब्दांत तो विधि आजही शिल्लक आहे. ब्राह्मणादि ज्ञातींत ही वाट नव्हती. तेथें न पटलेल्या जोडप्यास वेगळें राहणें एवढाच उपाय. याज्ञवल्क्यानें आज्ञाधारक व पुत्रवती स्त्रीस टाकणाऱ्या पतीकडून तिला द्रव्याचा तृतीयांश देवविला आहे. निर्धनानेंही भरण करावें असें सांगितलें आहे. कौटिल्य परस्परद्वेषानें मोक्ष मानतो खरा, परंतु धर्म्य विवाहांस तो लागू करीत नाहीं. त्याच्या ग्रंथाचा दाखला देणारे पुष्कळदां हें दुसरें वाक्य गाळतात !

वर्धा जिल्हा १८६२ सालीं नागपुरापासून वेगळा झाला. ठाणें प्रथम पुलगांवनजीक कवठ्यास होतें. १८६६ त तें पालकवाडीच्या जागीं वसविलेल्या वर्ध्यास आलें. १८७५ च्या मध्यप्रांत कायद्याच्या पांचव्या कलमानें विवाहविषयक वादांत हिंदूंस हिंदुधर्मशास्त्र लावावें असें ठरलें. परंतु ज्ञातीची अथवा कुळाची चाल न्यायास सोडून नसेल तर ती शास्त्राविरुद्ध असली तरी मान्य करावी, अशी पुस्तीही जोडली गेली. पंचांपुढील सोडचिठ्ठीस कचेरींत जो आधार मिळाला, तो येथें. वर्धा नदीपलीकडील वऱ्हाडाचा कारभार मात्र १९०३ पर्यंत निराळा होता. म्हणून आर्वीकडील मुलगी अमरावतीकडे दिलेली असेल तर दोन्ही गांवें नोंदावीं.

वेगळी राहणारी स्त्री निर्धास्त नव्हती. नवरा नांदविण्याचा दावा लावी. रखमाबाईंचा खटला १८८४ त मुंबईस उभा राहिला. १८८७ त नवऱ्याकडे जा अथवा कैद भोगा असा हुकूम झाला, आणि १८८८ त तडजोड होऊन तो मिटला. अशा हुकुमापोटीं होणारी कैद १९२३ त रद्द झाली. दंडाधिकाऱ्याकडून मिळणारी पोटगी १८९८ च्या कायद्यानें दरमहा पन्नास रुपयांच्या आंत होती.

खरा भेद पुढें दिसतो. १९४६ च्या कायद्यानें विवाहित हिंदु स्त्रीस क्रौर्य, त्याग, नवऱ्याचा दुसरा विवाह इत्यादि कारणांनीं वेगळें राहून पोटगी मागण्याचा हक्क मिळाला, आणि तो वर्ध्यासही लागू होता. १९४७ चा मुंबईचा घटस्फोट कायदा मात्र त्या प्रांतापुरताच, वर्धा मध्यप्रांत-वऱ्हाडांत. पुण्याची स्त्री न्यायालयांत घटस्फोट मागूं शकली त्या वर्षांत, रूढीची सोडचिठ्ठी नसलेल्या ज्ञातींतील वर्ध्याच्या स्त्रीस विभक्त राहणी हीच सीमा होती. ती १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें ओलांडली. त्याच्या दहाव्या कलमांत न्यायिक विभक्ततेची सोय आहे; तिनें सहवासाचें बंधन सुटतें, विवाह राहतो. अशा हुकुमानंतर वर्षभर सहवास न झाल्यास आतां घटस्फोट मागतां येतो. प्रथम ही मुदत दोन वर्षांची होती, १९७६ त ती एक झाली. १९५६ च्या कायद्याचें अठरावें कलम वेगळ्या राहणीचा व पोटगीचा हक्क चालवितें.

आणि १९५५ च्याच कायद्याचें एकोणतिसावें कलम रूढीची सोडचिठ्ठी अबाधित ठेवतें. मात्र रूढि सांगणाऱ्यानें ती सिद्ध करावी लागते, आणि ती जुनी व अखंड आहे हें दाखविण्यास असलेच कागद उपयोगी पडतात. पोटगीची कबुली फारखत म्हणून यादींत गेली, तर जी चाल त्या ज्ञातींत नव्हती तिचा खोटा पुरावा आपणच तयार करतों. यास्तव यादींत केवळ 'फारखत' न लिहितां ज्ञाति, गांव, पंचांच्या सह्या व पाटाची मोकळीक यांची नोंद करावी. दरसालच्या धान्यवस्त्राचा आंकडा असेल तर तो कागद निराळ्या बस्त्यांत बांधावा.