डोंबिवलीचा आकडा

मेव्हण्याने डोंबिवलीला ब्लॉक घेतला तेव्हापासून त्या स्टेशनाला मी फक्त नावे ठेवत आलो. गिरगावातून निघायचे, दादरला गाडी बदलायची आणि डोंबिवलीला उतरायचे नाही, तर उतरवले जायचे! तिथे माणसाला घाम सोडून दुसरे काही सुटू शकते हे आमच्या बी.कॉम. डोक्यात कधी आले नव्हते. पण एका गृहस्थांना तिथे गणित सुचले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६). देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ मास्तरकी केलेला माणूस. जी.आय.पी. रेल्वेच्या काळी हे स्टेशन डेम्लो होते, म्हणून त्या संख्यांचे नावही त्यांनी ठेवले 'डेम्लो'.

११ चा वर्ग १२१. १११ चा १२३२१. म्हणजे रेल्वेचा पूलच, चढलात तेवढ्याच पायऱ्या पलीकडे उतरा. मग नऊ एकांचा वर्ग? बँकेतल्या बारा आकडी कॅल्क्युलेटरने हात टेकले. शेवटी पे-इन स्लिपच्या पाठीवर हाताने गुणाकार मांडला: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा आकडे! भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत. आमचा आकडा परार्धाच्या अलीकडच्या 'मध्य' स्थानावर. एवढ्या रकमेचा चेक आला तर अक्षरी काय लिहायचे, हा प्रश्न तरी सुटला.

यातल्या आकड्यांची बेरीज ८१. आता त्या ८१ ने आख्ख्या संख्येला भागा. बाकी शून्य! अशा संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद' म्हटले, हर्ष देणारी. सहामाही क्लोजिंगच्या रात्री तीन पैशांचा फरक शोधलेल्या माणसाला हा हर्ष समजावून सांगावा लागत नाही.

अकरा कोटींच्या त्या मूळ संख्येला, १११११११११ ला, ९ ने भागले तर येतात १२३४५६७९. आठ गायब! आमच्याकडे असे झाले असते तर मेमो निघाला असता. आणखी एक गंमत. नवाच्या जागी दहा एक घेतले की पूल कोसळतो. मधल्या पायरीवर दहा जमतात, त्यांचा हातचा शेजारच्या नवाला धडकतो, त्याचे दहा होतात, त्याचा हातचा आठाला, की आठाचे नऊ. १२३४५६७९००९८७६५४३२१. संध्याकाळी सहाच्या डोंबिवलीच्या पुलावर नेमके हेच होते.

मास्तरांच्या या उद्योगाकडे बऱ्याच विद्वानांनी पोरखेळ म्हणून पाहिले. पुष्कळसे लेखन त्यांनी स्वतःच छापले. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे जगाला नाव कळले. मास्तर सत्तरीचे. पेन्शनीत निघून तेरा वर्षे झालेली.

परवा मेव्हण्यासमोर ती स्लिप धरली. त्याने ती सरळ धरली, उलटी धरली, चष्मा पुसला.

"भावोजी, एवढी रक्कम! कोणाचं खातं हे?"

"एका शाळामास्तरांचं," मी म्हटले. "तुमच्याच स्टेशनावर उघडलंय."


"काहीतरीच," तो म्हणाला आणि मला परतीच्या गाडीची वेळ सांगू लागला.