सहा कुत्र्यांचा इतिहास आणि आपला कंट्रोल ग्रुप

माथेरानला तुम्ही गेला असालच. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवायची आणि पुढे लाल मातीतून पायी किंवा घोड्यावरून जायचं. मोटारीला बंदी आहे, पण नेरळहून एखादा कुत्रा वर चढायला लागला तर त्याला कोण अडवणार? आता असं गाव डोळ्यांसमोर आणा, जिथे बाहेरचा कुत्रा सहजी पोचतच नाही.

नॉर्वेच्या वेरॉय बेटावरचं मोस्टाड हे तसं गाव. कड्यांच्या कपारींतून पफिन पक्षी धरून आणणारा, पायाला सहा बोटं असलेला लुंडेहुंड तिथे टिकून राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डिस्टेंपरच्या साथीने बेटावरची कुत्री जवळपास संपली. एलेनॉर क्रिस्टी या बाईंनी दक्षिण नॉर्वेत पाळलेल्या कुत्र्यांची पिल्लं परत पाठवली. पण साथ पुन्हा आली. १९६३ साली उरली फक्त सहा, त्यातली पाच एकाच आईची. आजचे लुंडेहुंड त्यांचेच वंशज.

जात वाचली, पण सोबत आतड्याचा आजारही पिढ्यान्‌पिढ्या आला. यात आतड्यातल्या लसिकावाहिन्या फुगतात आणि त्यांतलं प्रथिनयुक्त द्रव आतड्यात झिरपतं. रक्तातलं अल्ब्युमिन घटतं. पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणारं हेच प्रथिन, त्यामुळे पोटात पाणी साठतं, जुलाब होतात, कुत्रा खंगत जातो.

आता संशोधनाचा प्रश्न. आपण काय करतो? आजारी आणि निरोगी यांचे डीएनए घेतो आणि फरक शोधतो. पण सगळी जातच जवळपास एकसारखी असेल तर? दोषी बदल निरोगी कुत्र्यातही सापडू शकतो, मग नुसती तुलना काहीच सांगत नाही. २०१६ साली जर्मन संशोधकांनी संपूर्ण जीनोम वाचून एका जनुकाकडे बोट दाखवलं. तेव्हा एकसारखे झालेले लांबलचक पट्टे शोधणं हाही त्यांच्या पद्धतीचा भाग होता. म्हणजे जातीचा इतिहासच पद्धत ठरवतो.

उपायही त्याच इतिहासातून निघाला. नॉर्वेत आता बुहुंडसारख्या जवळच्या जातींशी संकर सुरू आहे. जात ‘शुद्ध’ राखायची की निरोगी, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाही.

उद्या तुम्ही आपल्या कारवान कुत्र्यावर काम करायला घेतलंत, तर रक्ताची नळी उघडण्याआधी मालकाशेजारी बसा. याची आई कुठली, बाप कुठला, ते विचारा. ते उत्तरही डेटाच आहे.