दोन नेटवर्कांमधील दरवाजा : राउटिंगच्या व्यवस्थेचा ऐतिहासिक आढावा

महाविद्यालयाचे कार्यालय एका इमारतीत आणि ग्रंथालय दुसऱ्या इमारतीत, अशी रचना आपल्याकडे सर्रास आढळते. दोन्हीकडे संगणकांचे आपापले नेटवर्क असते. कार्यालयातील प्रवेशाच्या नोंदी ग्रंथालयात दिसाव्यात एवढीच गरज असते. पण ती भागवताना एक जुना प्रश्न समोर येतो. दोन स्वतंत्र व्यवस्था जोडायच्या, तर एकीने दुसरीत विलीन व्हायलाच हवे काय? संगणकशास्त्राने या प्रश्नाचे जे उत्तर शोधले, त्याचा आढावा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या मदतीने उभ्या राहिलेल्या अर्पानेटवरून पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी गेला. हे नेटवर्क टेलिफोनच्या भाड्याच्या तारांवर चालत असे. पुढे त्याच खात्याने रेडिओवर चालणारे एक आणि उपग्रहावर चालणारे एक अशी आणखी दोन नेटवर्क उभी केली. तिघांचा वेग निराळा, माहितीच्या तुकड्यांचा म्हणजे पॅकेटचा आकार निराळा, चुका होण्याचे प्रमाणही निराळे. सर्वांना एकाच साच्यात बसवणे व्यवहार्य नव्हते.

मे १९७४ मध्ये व्हिन्टन सर्फ आणि रॉबर्ट कान यांचा या विषयावरील निबंध प्रसिद्ध झाला. त्यांच्या विचाराचे सार असे : प्रत्येक नेटवर्क आपल्या जागी स्वतंत्र राहील, जोडले जाण्यासाठी त्याला आपली अंतर्गत रचना बदलावी लागणार नाही. दोहोंच्या सीमेवर ‘गेटवे’ नावाचा संगणक बसेल. तो पॅकेटवरील पत्ता वाचून ते पुढे पाठवील. पॅकेट हरवले तर ते पुन्हा पाठवण्याची जबाबदारी मूळ पाठवणाऱ्याची. सर्वांवर हुकमत चालवणारे मध्यवर्ती केंद्रही नसेल. फ्रान्समध्ये लुई पूझँ यांनी सिक्लाद नेटवर्कात केलेल्या प्रयोगांचा या विचारांवर प्रभाव होता, हेही नमूद केले पाहिजे.

या कल्पनेची कसोटी २२ नोव्हेंबर १९७७ रोजी लागली. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील एका फिरत्या गाडीतून निघालेली पॅकेट रेडिओ, अर्पानेट आणि उपग्रह अशा तिन्ही नेटवर्कांतून युरोपात जाऊन कॅलिफोर्नियातीलच दुसऱ्या संगणकाकडे परत पोहोचली. १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेटने टीसीपी-आयपी ही समान नियमावली स्वीकारली.

येथपर्यंतचा इतिहास देश ओलांडणाऱ्या नेटवर्कांचा आहे. शेजारच्या दोन विभागांची गरज १९८० च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ठळकपणे पुढे आली. वैद्यकीय आणि संगणकशास्त्र या विभागांची नेटवर्क जोडण्यासाठी विल्यम येगर यांनी एका छोट्या संगणकावर चालणारा कार्यक्रम लिहिला. पुढे तो अनेक नियमावल्या हाताळू लागला. त्याच विद्यापीठात काम करणारे लिओनार्ड बोसॅक आणि सँडी लर्नर यांनी डिसेंबर १९८४ मध्ये सिस्को ही कंपनी काढली. १९८७ मध्ये विद्यापीठाने येगर यांच्या कार्यक्रमाचा परवाना तिला दिला. कंपनीचे नाव सर्वतोमुखी झाले, येगर यांचे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

भाषेच्या अभ्यासकाला येथे एक बदल जाणवतो. जून १९८७ च्या तांत्रिक दस्तऐवजात या यंत्राला ‘गेटवे’ म्हटले आहे; जून १९९५ च्या दस्तऐवजात त्याच्याच जागी ‘राउटर’ हा शब्द आहे. आपल्याकडे फारसीतून आलेले ‘दरवाजा’ आणि ‘रस्ता’ हे दोन शब्द हा फरक नेमका सांगतात. पहिले नाव जागेवरून पडले, दुसरे कामावरून.

भारतात १९८६ मध्ये अर्नेट प्रकल्प सुरू झाला. सहभागी आठ संस्थांपैकी मुंबईतील आयआयटी आणि राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र या दोन होत्या. आरंभी टीसीपी-आयपी आणि ओएसआय या दोन्ही नियमावल्या तेथे चालत; १९९५ नंतर वाहतूक जवळजवळ सर्वस्वी पहिलीवर आली. १९९२ मध्ये मुंबईच्या याच केंद्रातून अमेरिकेशी सेकंदाला ६४ किलोबिट वेगाची जोडणी झाली होती.

या इतिहासातून निघणारे दोन नियम आपल्या दोन इमारतींनाही लागू पडतात. पहिला नियम पत्त्यांचा. फेब्रुवारी १९९६ च्या दस्तऐवजाने खासगी वापरासाठी काही पत्ते राखून ठेवले, १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. ते कोणीही वापरू शकतो, म्हणून दोन्ही इमारतींत १९२.१६८.१ हीच मालिका असण्याचा संभव फार. तसे असेल तर संगणक समोरच्याला आपल्याच घरातला समजतो आणि पॅकेट दरवाजापर्यंत जातच नाही. एका इमारतीने १९२.१६८.२ ही मालिका घेतली की मार्ग मोकळा होतो.

दुसरा नियम परतीच्या रस्त्याचा. कार्यालयाच्या राउटरला ग्रंथालयाचा रस्ता सांगितला, पण ग्रंथालयाच्या राउटरला कार्यालयाचा सांगितला नाही, तर विचारणा पोहोचते आणि उत्तर परत येत नाही. तार शाबूत, यंत्रे चालू, तरी संवाद बंद! अशा वेळी दोष यंत्राला दिला जातो. वास्तविक उणीव एका ओळीची असते.

सारांश, १९७४ च्या त्या विचाराने विलीनीकरणाची अट काढून टाकली. पण दोन अटी कायम राहिल्या. प्रत्येकाची ओळख वेगळी हवी आणि रस्ता दोन्ही बाजूंनी खुला हवा. संगणकाच्या तासाला राउटरची जुळवणी शिकवताना हा इतिहास सोबत सांगितला, तर विद्यार्थ्याला पाठ केलेल्या आज्ञांमागचे कारण कळेल.