लंगोट आणि शतपावली

मी सातवीत होतो. आजीनं तव्यावरून उतरवलेले तीन धपाटे दह्यासोबत दाबून खाल्ले आणि आबांच्या मागं तालमीत गेलो. दुसऱ्याच पकडीत पोटात गोळा उठला अन् सगळं हौद्यात उलटलं. जोडीदार हसला. आबा हसले नाहीत. त्यांनी फावडं माझ्या हातात दिलं. "खराब झाली तेवढी माती काढ, अन् नवी आणून टाक." हळद, ताक, तेल, लिंबू मुरवलेली ती माती. माझी अर्धी सकाळ त्यात गेली.

आमचं गाव जिंतूर तालुक्यातलं. आबा तरुणपणी तालमीत घुमले ते निजामी अमलात. सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. जुनी माणसं त्या काळाला मोगलाई म्हणत. तालमीच्या कोनाड्यात मारुती, शिकवणारा उस्ताद मुसलमान, आणि मातीत उतरताना दोघांचीही आठवण काढायची, अशी आबांची सांगी. उस्तादाचा पहिला नियम पोटाचा होता. पहाटे चारला रिकाम्या पोटी जोर-बैठका, मग लढती. त्यानंतर अंगाला माती चोळून घाम जिरेपर्यंत गप बसायचं. धाप बसल्याशिवाय बदाम-खसखशीच्या थंडाईला हात लावायचा नाही, आणि ज्वारीची भाकरी तर त्याहून उशिरा. संध्याकाळी पुन्हा मेहनत असायची, म्हणून दुपारचं जेवण बाराच्या आत. जेवणानंतर चार तास लंगोट चढवायचा नाही.

घरात मात्र आजीचं राज्य वेगळं. रात्री जेवून कुणी आडवं झालं की ती अंगणात पिटाळायची, "शतपावली घाल!" मला कोडं पडलं. जेवून चाललं तर पचतं, मग जेवून लढलं तर उलटतं कसं? आबांना विचारलं, खरं कुणाचं? ते म्हणाले, "दोघांचं. चालणं म्हणजे मेहनत नव्हं."

आजीचा नियम तिच्या सासूचाही नव्हता, त्याहून पुष्कळ जुना होता. सुश्रुतसंहितेत जेवणानंतरचा क्रम दिला आहे. जडपणा उतरेपर्यंत राजासारखं स्वस्थ बसावं, मग शंभर पावलं चालावं, मग डाव्या कुशीवर पडावं. शतपावली आणि वामकुक्षी हे आपले दोन्ही शब्द त्याच वाटेवरचे. वाग्भटानं व्यायाम अर्ध्या शक्तीनं करायला सांगितला आणि अजीर्ण झालेल्याला तो वर्ज्यच केला. म्हणजे आबांची बाजूही ग्रंथात होतीच.

कारण कळायला मला अमरावती गाठावी लागली. १९१४ साली सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात मी १९७९ च्या सुमारास शारीरिक शिक्षणाचे धडे घेतले. शरीरशास्त्राच्या तासाला फळ्यावर आकडे पडले. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलतं आणि त्यातला जवळपास पाव हिस्सा जठर, आतडी, यकृत, प्लीहा यांच्याकडे जातो. जेवण झालं की आतड्यांचा वाटा आणखी वाढतो. कसून मेहनत करताना हृदय वीस लिटरच्याही वर जातं, पण त्यातले ऐंशी टक्के स्नायूच ओढतात. पोटाचा वाटा इतका आटतो की अगदी दमछाक होईपर्यंत गेलं तर स्वस्थ असतानाच्या प्रवाहाचा पाचवा हिस्साच उरावा.

जायकवाडीच्या कालव्याखालच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एका चारीला पाळी मिळाली की दुसरीचं दार बंद होतं. शरीरातला पाटकरी म्हणजे सिंपथेटिक नसा. मेहनत सुरू झाली की त्या पोटाकडच्या रक्तवाहिन्या आवळतात. जठरात धपाटे तसेच पडून, आतडी सुस्त, वरून जोडीदाराचा गुडघा पोटात. मग उलटी ठरलेलीच.

अमेरिकेत लॉरिंग रॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये हे मोजून दाखवलं होतं. आतड्यांतलं रक्त पुढं यकृतातूनच जातं. म्हणून रक्तात हिरवा रंग सोडून यकृत तो किती वेगानं काढून टाकतं, हे त्यांनी पाहिलं. मेहनत जसजशी चढत गेली, तसतसा तिथला प्रवाह उतरत गेला. त्याआधीचा गमतीचा पुरावा अलेक्सिस सेंट मार्टिनच्या पोटाचा. १८२२ मध्ये बंदुकीचा बार लागून त्याच्या जठराला भोक पडलं आणि ते कायम उघडंच राहिलं. विल्यम बोमाँट हा लष्करी शल्यवैद्य रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून आत सोडी आणि घड्याळ लावून पाही. १८३३ च्या त्याच्या पुस्तकात निष्कर्ष आला तो असा, की हलका व्यायाम पचनाला मदत करतो आणि थकवणारी मेहनत ते मंद करते. आजी आणि आबा, दोघांचाही निकाल एकाच जठरात लागला!

आबांची एक गोष्ट मात्र चुकली. आमच्याकडच्या जत्रा, त्यातल्या दंगली, बहुतेक उन्हाळ्यातल्या. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर, आणि आबांचा हुकूम असा की कुस्ती होईस्तोवर पाण्यानं नुसती चूळ भरायची. उन्हात कातडीही रक्त मागते, अंग थंड ठेवायला. म्हणजे वाटेकरी तीन झाले. त्यात घामानं पाणी गेलं की वाटायचं रक्तच कमी, आणि सगळ्यात आधी कोरडं पडतं ते पोट. रेवड्यांच्या कुस्तीतली पोरं भोवळ येऊन पडत, तेव्हा आम्ही दृष्ट लागली म्हणत होतो.

आता तालमीचा हौदा बुजला. गावातली पोरं-पोरी पहाटे पोलीस भरतीसाठी पळतात, पोरं सोळाशे मीटर, पोरी आठशे. परवा एकजण शेवटच्या फेरीत कडेला वाकला. पोहे आणि चहा, घरून निघताना आईनं प्रेमानं दिलेला. मी जवळ गेलो. डांबरी रस्त्याच्या कडेला उकरायला माती नव्हती, अन् माझ्या हातात फावडंही नव्हतं. त्याला घोट-घोट पाणी दिलं आणि दम बसल्यावर म्हटलं, "चल, आता शंभर पावलं माझ्यासोबत. सावकाश."